होडीची एकोणचाळीस पानं

वाचनालयाच्या महिन्याच्या बैठकीत खुर्च्या सहाच होत्या आणि नियम एकच: लागोपाठ तीन महिने पुस्तक अर्धवट ठेवून आलात, तर खुर्ची सोडायची. प्रतीक्षायादीत चौघीजणी टपून बसल्या होत्या. तिचे दोन महिने भरले होते. आधी लेकीला दात येत होते, मग सर्दी झाली. दात लेकीचे, सर्दी लेकीची. नापास मात्र आई.

खुर्ची तिला हवी होती. बाळंतपणानंतर घराबाहेरची तिची म्हणावी अशी तेवढीच जागा उरली होती. तिथे तिला कुणी "बाळाचं पोट बरं आहे का?" असं विचारत नसे.

या महिन्याची कादंबरी चांगली उशीएवढी जाड होती. त्यात थंडी. लंगोट दोन-दोन दिवस वाळत नव्हते, हीटर एकाच खोलीत आणि सगळा संसारही त्याच खोलीत. मग ती वाचायची कुठे? दूध वर येईपर्यंत दोन पानं. कपड्यांच्या घड्या घालताना एक. न्हाणीघराला आतून कडी लावून चार. खूण म्हणून लेकीचा मोजा. जोडी हरवलेल्या मोज्यांना त्या घरात तोटा नव्हता.

"अगं, आंघोळ करतेयस की पोहतेयस?" नवरा दाराबाहेरून विचारायचा.

"पाणी तापतंय."

"कधीचं? एव्हाना आटलं असेल."

मध्ये एक आठवडा ती काम करायची त्या औषधाच्या दुकानातली जोडीदारीण तापाने पडली, आणि रोज संध्याकाळी हिलाच जावं लागलं. त्या आठवड्यात पुस्तकाला हात लागला नाही. लेकीला झोपवायचं काम बापाकडे आलं. त्याचं गाणं ऐकून लेक भोकाड पसरायची, तरी आई घरी येई तेव्हा पोरगी गाढ झोपलेली असे. कशी झोपवली, हे तिने विचारलं नाही. झोपलेल्या पोरीची चौकशी कोण करतं?

बैठकीच्या दिवशी दुपारी शेवटचं पान संपलं. स्वेटर उलटा घालून ती धावत पोचली.

बैठक चालवायच्या त्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. सगळ्या त्यांना मोठ्या बाई म्हणत. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "पूर्ण?"

"पूर्ण."

"मग तुम्हीच सुरू करा."

"मला लेखिकेचं धाडस आवडलं," ती म्हणाली. "धाकटी बहीण रुसून बेटावर निघून जाते, आणि पान उलटलं की थेट घरी मटार सोलत बसलेली. कशी परतली, कुणी आणलं, अवाक्षर नाही. सगळं आपल्यावर सोडलंय. मी तर थक्क झाले."

शेजारच्या खुर्चीतली नर्स उगीचच खोकली.

"ती होडीने परतली," मोठ्या बाई म्हणाल्या. "एकोणचाळीस पानं लागली तिला. मला तर मळमळायला लागलं होतं."

तिचे कान तापले. "अहो पण बाई, मी एक ओळ सोडली नाही."

एवढ्यात तिला न्यायला आलेला नवरा लेकीला कडेवर घेऊन दारात उभा राहिला. "होडीचं चाललंय का? फार छान आहे ते. आठवडाभर हिला तेच वाचून झोपवलं. वादळ सुरू झालं की ही घोरायला लागते." मग जरा ऐटीत, "आणि पान दुमडायची सवय नाही मला. जिथे थांबायचो, तिथे मोजा नीट घालून ठेवायचो."

हसता हसता नर्सच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, घरात मिळून पुस्तक पूर्ण झालंच की."

"खुर्ची घराला दिलेली नाही, हिला दिली आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "वाचनालय सहाला बंद होतं. पाऊण तास आहे. लेक इकडे द्या, आणि तुम्ही त्या कोपऱ्यात बसून होडी वाचून काढा."

"मी थोडक्यात सांगतो ना," नवरा पुढे सरसावला, "वादळात काय होतं, तर..."

"तुम्ही गप्प बसा," पाचही जणी एकदम म्हणाल्या.

ती कोपऱ्यात बसली. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच तिने पुस्तक दोन्ही हातांनी धरलं होतं. उजव्या हाताला दुसरं काही काम नाही, हे क्षणभर खरंच वाटेना. मागे लेक कुणाच्या तरी बांगड्यांशी झटत होती, आणि बायका एकमेकींना तिच्यापेक्षा मोठ्याने "शूऽ" करत होत्या. मग तेही थांबलं. होडी निघाली, वादळ आलं, एक नावाडी फारच बोलला, वादळ गेलं.

तिने पुस्तक मिटून मागे पाहिलं. लेक मोठ्या बाईंच्या मांडीवर झोपली होती. बाकीच्या चोरपावलांनी शाली गुंडाळत होत्या.

"मग?" मोठ्या बाई कुजबुजल्या.

गोड बोलून निभावता आलं असतं, आणि खुर्चीही राहिली असती. पण पाऊण तास सगळ्यांनी तिच्यासाठी पोर सांभाळलं होतं.

"होडीशिवाय जास्त बरं होतं, बाई."

नवऱ्याने आ वासला. मोठ्या बाईंनी सावकाश मान हलवली. "मी दोन वेळा वाचून याच मतावर आले. पुढच्या महिन्यापासून माझ्या शेजारी बसा. आता हिला उचला, माझा पाय पार बधिर झालाय."

"वादळ मात्र चांगलं होतं," नवरा पुटपुटला; पण तोवर सगळ्या लेकीची टोपी शोधायला लागल्या होत्या.