पेनड्राइव्हात कोंबलेली खोली

मी खोली बोलून राह्यली, अन् चिडून बोलून राह्यली. विटा-मातीची नाही मी. रिसोडच्या शफीकमियाँच्या फोटो स्टुडिओतल्या कॉम्प्युटरातली. शिकलेले लोक मले व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट म्हणतात. म्हणा काहीबी, पण आज मी ऐकवल्याशिवाय राहत नाही.

मले बनवलं शफीकमियाँच्या पोरीनं, अफ्रीननं. सोयाबीनच्या पानाचा फोटो दाखवला की रोग सांगणारा प्रोग्राम तिनं लिहिला. त्याले लागे जुनं सामान, म्हणजे दुसऱ्यायनं लिहून ठेवलेले तयार प्रोग्राम. स्टुडिओच्या प्रोग्रामले लागे तेच सामान, पण नवं. दोन्ही एका जागी ठेवलं की भांडण, अन् दोन्ही प्रोग्राम बंद. म्हणून तिनं माझ्या भिंती घातल्या. जुनं माझ्यात, नवं बाहेर. वर्षभर मी एकाचा धक्का दुसऱ्याले लागू देला नाही. कौतुकाचा एक शब्द? छट्!

आज तिले वाशिमले स्पर्धेत जायचं होतं. निवड झाली तर पुण्यात सहा महिने फुकट शिकायले भेटणार. तर या शहाणीनं काय करावं? माझ्यात कोणतं सामान हाय, कोणत्या नंबरचं हाय, याची यादी लिहायची सोडून माझीच नक्कल पेनड्राइव्हात कोंबली, अन् चालली जीपनं! अरे, माझ्या कानाकोपऱ्यात याच कॉम्प्युटरचा पत्ता लिहेल हाय, दुसऱ्यावर मी चालतच नाही. घर बदलताना लोक सामान नेतात, भिंती उखडून नेतात काय?

व्हायचं तेच झालं. अकरा वाजता फोन आला. शफीकमियाँनं स्पीकर लावला.

"अब्बा, प्रोग्राम चालूच होऊन नाही राह्यला! नवं सामान टाकून पाह्यलं, तरी नाही. मले बारापर्यंतच टाइम देला." पोट्टी रडकुंडीले आली होती.

"घाबरू नको बेटा. काय करावं लागते सांग."

तिनं सांगितलं तसं त्यायनं एकेक अक्षर हुडकून टाइप केलं. माझ्यातल्या सामानाची यादी स्क्रीनवर आली. इंग्रजी नावं, पुढं आकडे अन् टिंबं. वाचता वाचता ते दोनदा चुकले. त्यायच्या कपाळाले घाम आला.

पासपोर्ट फोटोसाठी खुर्चीवर बसलेल्या धुरपताबाई वैतागल्या. "अहो भाऊ, दुकान फोटोचं, अन् वाचत काहून बसले? काढा ना फोटो!"

फोटो म्हणताच शफीकमियाँले सुचलं. त्यायनं दुकानाचं शटर अर्धं पाडलं, स्क्रीनवरची चमक घालवली, मोबाइलनं यादीचा फोटो काढला अन् पाठवला.

दुपारी पुन्हा फोन. "अब्बा, चाललं! पानावरचा रोग बरोबर ओळखला. माह्यं पुण्याचं पक्कं झालं! अन् हो, ते जुनं फोल्डर उडवून टाका. जागा होईन."

जुनं फोल्डर म्हणे! मले!

शफीकमियाँ म्हणाले, "काहून उडवू? त्यानंच तर लाज राखली."

"अब्बा, यादी भेटली ना. आता कुठंबी दहा मिंटात तसंच नवं बनते."

अन् संताप याचाच येते की पोट्टी बरोबर बोलली. आमची जातच पुसून पुन्हा बनवायची. त्याचं मले दुःख नाही. पण घरून निघायच्या आधी एका ओळीत होणारं काम तिनं केलं नाही, अन् बापाले घाम फोडला. ते मी माफ करत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्यायनो, आधी यादी करा, मग खुशाल मारा आमाले.

शफीकमियाँचं बोट बटनावर हाय, पण दाबवत नाही त्यायले. दाबा मियाँ, दाबा! फक्त तिले एवढं सांगा: पुण्यात पुन्हा विसरली, तर विचारायले रिसोडात मी नसन.