प्रमाणपत्रे वाचणाऱ्या मॅडम

मी एक जुना सागवानी पोडियम आहे. सभागृहात ज्याच्यामागे उभे राहून पाहुणे भाषण करतात, तोच. मित्रांनो, माझ्यासमोर टाळ्या पुष्कळ वाजल्या. त्यातली एकही माझ्यासाठी नव्हती, आणि जिच्यासाठी वाजायला हवी होती तिच्यासाठीही नव्हती. तिचीच गोष्ट सांगतो.

मला दिग्रसच्या जलाल मिस्त्रींनी घडवले. महाविद्यालयातले भूगोलाचे धर्मपाल सर मला घ्यायला आले, तेव्हा मिस्त्री रंधा बाजूला ठेवून म्हणाले, "सर, लाकूड पन्नास वर्षं हालत नाही. बोलनाऱ्याची ग्यारंटी मी देत नाही."

"त्याचीच तर सोय करून राह्यलो," सर हसून म्हणाले.

सोय अशी होती. दर शनिवारी विद्यार्थी घरी गेले की एक प्राध्यापक माझ्यामागे उभा राहून पाठ घेई आणि बाकीचे प्राध्यापक बाकांवर विद्यार्थी होऊन बसत. न समजलेले प्रत्येकाने विचारायचे, असा नियम होता. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले दिवस.

अशाच एका शनिवारी उज्ज्वला राठोड मॅडम पहिल्यांदा उभ्या राहिल्या. फुलसावंगीजवळच्या तांड्यातल्या, तांड्यात एम.ए. झालेल्या पहिल्याच. त्या तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे दरवर्षी नव्याने अर्ज करायचा, वर्ष संपले की घरी जायचे. त्या दिवशी त्यांचे हात माझ्या कडा घट्ट धरून होते.

मागच्या बाकावरून धर्मपाल सर म्हणाले, "मॅडम, उन्हाळ्यात काळ्या मातीले भेगा पडते, हे मले माहीत हाय. काहून पडते ते सांगा."

मॅडमना नीट सांगता आले नाही. पुढच्या शनिवारी त्या शेतातली माती दोन डब्यांत घेऊन आल्या. एक ओली, फुगलेली. दुसरी वाळून डब्याच्या कडेपासून सुटलेली. सरांनी दोन्ही डबे हातात घेऊन पाहिले आणि म्हणाले, "आता समजलं." शिक्षक असा घडतो, मित्रांनो.

धर्मपाल सर निवृत्त झाले आणि शनिवार बंद पडला. त्याऐवजी वर्षातून एकदा 'प्राध्यापकांचा व्यावसायिक विकास' नावाची कार्यशाळा सुरू झाली. संयोजक संजय सर. पाठीमागे मोठा फलक, पाहुण्यांना शाल आणि नारळ, मग सर्वांचा फोटो. जेवण झाले की पुढच्या रांगा रिकाम्या होत. शेवटच्या सत्राला तासिकेवरचे शिक्षक तेवढे उरत, कारण खुर्च्या त्यांनाच आवरायच्या असत. पण ते वहीत लिहून घेत.

सूत्रसंचालन दरवर्षी उज्ज्वला मॅडमकडे. ग्रंथालयातल्या गझाला मॅडम त्यांना चिडवत, "तू तर पाहुण्याच्या आधीच त्याचं भाषण पुटपुटून राह्यली."

"पाहुणे बदलते, भाषण कुठं बदलते?"

शेवटी प्रमाणपत्रांचा गठ्ठा माझ्यावर ठेवला जाई. ती आधीच छापलेली असत. मॅडम एकेक नाव वाचत आणि शिपाई फुलसिंग हात पुढे करून म्हणे, "हे साहेब गेले. हेबी गेले. मॅडम, हे तर आलेच नव्हते."

गठ्ठ्यात मॅडमचे नाव कधीच नसे. मागितले की संजय सर म्हणत, "मॅडम, तुम्ही संयोजनात आहात. प्रमाणपत्र सहभागींना. पुढच्या वर्षी पाहू." तीन आठवड्यांच्या बाहेरगावच्या प्रशिक्षणासाठी मॅडमनी परवानगीचे पत्र मागितले, तेव्हा उत्तर मिळाले, "तासिकेवाल्यांना रजा कुठे असते?" अशा नऊ कार्यशाळा झाल्या.

मग भूगोलाची कायम जागा निघाली. मुलाखत माझ्याच सभागृहात झाली. उमेदवाराने थोडे शिकवूनही दाखवायचे होते. मॅडमनी मूठ वळली, तिच्यावर खडूने गोल रेषा ओढल्या आणि मग हात सपाट केला. डोंगर नकाशाच्या कागदावर कसा उतरतो, ते समितीतल्या मोठ्या साहेबांनीही मान पुढे काढून पाहिले. या वेळी त्यांचे हात माझ्या कडांवर नव्हते.

मग साहेबांनी विचारले, "प्रशिक्षणं किती झाली?"

"नऊ, सर. इथेच."

"प्रमाणपत्रं?"

मॅडमनी संजय सरांकडे पाहिले. ते समितीत बसले होते. सरांनी एवढेच म्हणायचे होते, की या मॅडम पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत हजर होत्या. नऊही वेळा.

संजय सर म्हणाले, "त्या सूत्रसंचालन करायच्या."

"म्हणजे सहभागी नव्हत्या," साहेबांनी लिहून घेतले.

संजय सर खोटे बोलले नाहीत, मित्रांनो. म्हणूनच ते वाक्य मला अजून बोचते. जागा दुसऱ्याला मिळाली. त्या तरुणाचा दोष नव्हता. त्याच्याकडे कागद होते.

यंदा दहावी कार्यशाळा झाली. अजून तासिकेवरच असलेल्या मॅडम आल्या, पण माझ्याकडे आल्या नाहीत. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर वही उघडून बसल्या.

"मॅडम, सुरू करा ना," संजय सर म्हणाले.

"यंदा मी शिकायला आली, सर. यादीत नाव घ्या."

"यादी तर छापून झाली."

मॅडमनी वही मिटली. "मग मी तासाला जाते, माझी पोरं वर्गात बसली आहेत," असे म्हणून त्या शांतपणे निघून गेल्या. संध्याकाळी प्रमाणपत्रांवरची नावे संजय सरांनी स्वतः वाचली. "गेले," फुलसिंग म्हणत राहिला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी धूळ पुसा, पॉलिश करा, अशी विनवणी करतात. मला पॉलिश नको. तुम्हाला शिकवणारे स्वतःही रोज शिकत असतात, आणि ते कोणी पाहत नसते. तुम्ही पाहा. आणि उद्या कधी एखादी यादी तुमच्या हातात आली, तर ती छापण्याआधी खोलीत कोण बसले आहे ते डोळ्यांनी बघा आणि मगच नावे लिहा.