खणातली देवी

पतसंस्थेत एवढी गर्दी दिवाळीच्या लाभांशालाही झाली नव्हती. दारात चपलांचा ढीग, आत उदबत्त्यांचा धूर आणि कॅशच्या खिडकीत नोटांऐवजी नारळ. कडेगावाजवळच्या त्या छोट्याशा शाखेत पैसे भरायला आता कुणी येतच नव्हतं. जो तो यायचा, तो नव्या क्लार्क सृष्टीच्या कॉम्प्युटरवर देवी कशी लिहिते ते बघायला.

आणि लिहायची हे खरंच. सृष्टी हात मांडीवर ठेवून बसलेली, कीबोर्ड तिच्यापासून लांब सरकवलेला, तरी पडद्यावर 'ररररर' अशी ओळच्या ओळ धावायची. कधी माउसचा बाण आपला आपण थरथरत कोपऱ्यात जायचा. बाया पदर पसरायच्या, बाप्ये कानाला हात लावायचे.

"खंडेनवमीला मशिनींची पूजा घातली न्हवं, तवाच जागी झाली बगा," हरिबा सांगायचा. हा हरिबा डोंगरापलीकडचा भगत. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळावर हळदीचा मळवट आणि खिशात दोन मोबाइल. तो डोळे मिटून पडद्यासमोर उभा राहायचा, कुणाला तरी अक्षर वाचायला लावायचा आणि अर्थ सांगायचा. "र म्हंजी राखण. आई म्हणती, मी राखण कराय आलेय." दुसऱ्या खेपेला 'ककककक' आलं, तर "क म्हंजी कोप. राखणीचा नारळ दिला न्हाई, म्हणून कोपली." बाराखडीतलं कुठलंही अक्षर आलं असतं, तरी हरिबाचं अडलं नसतं.

शेजारच्या टेबलावर प्रमोदिनीबाईंचा जीव नुसता जळत होता. साताऱ्याहून लग्न होऊन त्या इथं आल्या, याच शाखेत त्यांचे केस पिकले. संकष्टी एक चुकली नव्हती. आणि देवी गेली कुणाकडं, तर उपासाच्या दिवशी वडापाव खाणाऱ्या, कालपरवा लागलेल्या पोरीकडं. यायचंच होतं, तर शेजारचं टेबल दिसलं नाही का हिला? बाईंचा देवीवर विश्वास होता. सृष्टीकडच्या देवीवर मात्र मुळीच नव्हता.

त्यात शाखाधिकाऱ्याची खुर्ची रिकामी होणार होती. ती आपलीच, असं बाई मनाशी धरून बसल्या होत्या. पण चेअरमन भाऊसो सगळ्यांदेखत बोलून गेले, "जिच्या टेबलावर आई आली, तिला डावलून कसं चालंल?" बाईंनी ओठ आवळले. तोंडानं काही बोलायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी टेबलाचा लाकडी खण ओढला आणि धाडकन आपटला.

"आली, आली," पलीकडं गलका झाला.

हे रोजचंच होतं. सृष्टीचं कौतुक झालं की बाई खण आपटायच्या, आणि नेमकी तेव्हाच ती देवी जखमेवर मीठ चोळायला हजर व्हायची. देवीसुद्धा आपल्याला मुद्दाम खिजवतेय, असं बाईंना वाटायला लागलं होतं.

मधे एक दिवस त्या दात दाखवायला सांगलीला गेल्या. परत आल्या तर शिपाई अर्जुना चेहरा पाडून म्हणाला, "काल आई आलीच न्हाई, मॅडम. लोकं दिसभर बसून गेली."

बाईंना इतकं बरं वाटलं की दात दुखायचा थांबला. "मग गेली कुठं होती? माझ्याबरोबर सांगलीला?" असं म्हणून त्या हसल्यासुद्धा.

पण हरिबाला त्या रिकाम्या दिवसाचा अर्थ लावायचाच होता. त्यानं सृष्टीच्या आईला, बनुबाईला, पुढं बसवलं. "आई रुसली. तिला आता टेबल नगं, पोरगी पायजे. लगीन मोडा. पोरगी माझ्या मठात ऱ्हाईल, आईच्या नावानं."

सृष्टीचं लग्न ठरलेलं होतं. नवरामुलगा वीरधवल फौजेत, लग्नासाठी रजेवर निघायच्या तयारीत. बनुबाईनं हात जोडले. "आईपुढं आमी काय बोलणार?" ती एवढंच म्हणाली.

"अगं आई, मला काय बी होत न्हाई," सृष्टी रडकुंडीला आली. "जे होतंय ते कॉम्प्युटरला होतंय."

त्या गर्दीतलं हे सगळ्यात शहाणं वाक्य होतं, आणि ते कुणीही ऐकून घेतलं नाही.

खरं सांगायचं तर प्रमोदिनीबाईंना आधी गोडच वाटलं. पोरगी मठात गेली की खुर्ची आपली. डॉक्टरनं दिलेली दाताची गोळी घ्यायला त्यांनी खण उघडला. खण कसला, अडगळच ती. व्हाउचरचे गठ्ठे, जेवणाचा डबा, आणि सगळ्याच्या खाली संस्थेनं सगळ्यांना दिलेला नवा बिनवायरचा कीबोर्ड आणि त्याचा माउस. खंडेनवमीनंतर तो संच चालेनासा झाला होता. तक्रार करावी तर 'मॅडमना नवीन जमत नाही' म्हणतील, म्हणून बाईंनी तो गुपचूप खणात ढकलून जुना वायरचा काढला होता. गोळ्यांची डबी चाचपताना त्यांचं बोट एका बटणावर पडलं.

"आली," लोक ओरडले.

बाईंनी बोट उचललं. गलका थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा "आली". माउस जरा हलवला, तर "बाण फिरला, बाण फिरला".

बाई गार पडल्या. देवी त्यांच्याच खणात होती. त्या रागानं खण आपटायच्या, गठ्ठे सरकून बटणावर बसायचे आणि शेजारी चमत्कार व्हायचा. आणि पहिला विचार काय आला त्यांच्या मनात? की म्हणजे ते सगळे नारळ खरं तर आपले होते.

दुसरा विचार आला, गप्प बसावं. कुणाला कळणार आहे? त्यांनी मान वर केली. सृष्टीचा फोन वाजत होता, त्यावर वीरधवलचं नाव होतं, आणि हरिबा तिला तो उचलू देत नव्हता. पोरगी ओढणीनं नाक पुसत होती. बाईंना स्वतःचीच शिसारी आली. हेवा करायचा म्हणजे किती? उपासाला वडापाव खाल्ला म्हणून कुणाचा संसार मोडत नाहीत.

त्यांनी कीबोर्ड टेबलाखाली मांडीवर घेतला. "हरिबा, एवढं मोठं काम आहे, आईला एकदा नीट विचारून घ्या," त्या म्हणाल्या. "लग्न मोडायचं का?"

पडद्यावर अक्षरं उमटायला लागली. हरिबानं सवयीप्रमाणे डोळे मिटले. "हां, बोलली बगा. म्हणती, आजच्या आज मठाकडं निगा."

पुढं बसलेल्या भाऊसोंनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, "सृष्टीचं लग्न ठरल्या दिवशी होऊ द्या. हरिबाला घरी पाठवा."

हरिबानं एक डोळा उघडला. "व्हय, तेच की. आई परीक्षा बगती. आदी मठ, मग लगीन."

लगेच खालची ओळ आली. भाऊसोंनी तीही वाचली, "खोटं बोलू नको."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मग प्रमोदिनीबाई उठल्या आणि त्यांनी कीबोर्ड सगळ्यांना दिसेल असा वर धरला. एक बटण दाबून धरलं. पडद्यावर 'ररररर' धावलं.

"ही तुमची देवी. माझ्या खणात होती. अर्जुना, सृष्टीच्या सीपीयूच्या मागं काय काय खोचलंय ते बघ जरा."

अर्जुना टेबलाखाली शिरला आणि नखाएवढे दोन तुकडे घेऊन बाहेर आला. एक सृष्टीच्या कीबोर्डचा, दुसरा बाईंच्या. "खंडेनवमीला समद्यांचं हे काढून ताटात ठिवलं, कुंकू लावलं," तो डोकं खाजवत म्हणाला. "दिसाय सारखीच सगळी. परत लावताना एक उरला. मागं रिकामं भोक दिसलं, तितं खोचला."

बिनवायरचा कीबोर्ड आपली अक्षरं त्या तुकड्याकडं हवेतून पाठवतो. तुकडा ज्या मशीनला, अक्षरं त्या मशीनवर. मग बटण शेजारच्या खणात का दाबलेलं असेना. बाईंनी पुन्हा बटण दाबलं. तुकडा अर्जुनाच्या तळहातावर होता, पडदा जागचा हलला नाही.

"ही बाई आईची इटंबना करतीया," हरिबा ओरडला.

"हरिबा, जादूटोण्याविरुद्ध कायदा हाय, म्हाईत हाय न्हवं?" भाऊसोंनी शांतपणे विचारलं. त्यावर हरिबा जो निघाला, तो चपलांच्या ढिगात आपली जोडी शोधायलाही थांबला नाही.

"देवाला मानू नका, असं मी म्हणत नाही," बाई लोकांना म्हणाल्या. "मीही मानते. पण हात जोडायच्या आधी टेबलाखाली वाकून बघायला काय हरकत होती? तुम्ही नाही बघितलं, मीही नाही. आणि सृष्टी, तुझं कौतुक झालं की मी खण आपटायचे. मला बघवत नव्हतं. आता कळलंच तुला."

सृष्टीनं आधी फोन उचलला.

लग्न ठरल्या दिवशी झालं. बाई अक्षता टाकून, पंगतीत जेवून आल्या. शाखाधिकाऱ्याची खुर्ची मात्र सृष्टीलाच मिळाली. भाऊसो सगळ्यांदेखत बोलून बसले होते आणि आता शब्द फिरवायला तयार नव्हते. नव्या खुर्चीसमोर सृष्टीच्या नावाची पाटी लागली, त्या सकाळी बाईंनी ती वाचली, जागेवर येऊन बसल्या आणि धाडकन खण आपटला.

"मॅडम," पलीकडून सृष्टी मान वर न करता म्हणाली, "आता काय उमटत न्हाई."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी तो आणखी एकदा आपटला.