मी उपटलेली हरळी

मित्रांनो, मी नाते गावचे एक जुने खुरपे आहे. हसू नका, पण माझे पाते आता तुमच्या अंगठ्याएवढेच उरले आहे. सोळा वर्षांपूर्वी, बावन्न साली, भागोजी लोहाराने मला घडवले तेव्हा मी चांगले तळहातभर रुंद होते. मोडक्या बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी पट्टी त्याने तापवली, ठोकली आणि पुढून वाकवली. खैराची मूठ बसवून त्याने मला राहीबाईच्या हातात दिले आणि म्हणाला, "हे तुझ्या सुनेलापन पुरंल गो." राहीबाईला तेव्हा मूलसुद्धा नव्हते. ती लाजली आणि मला पदराने पुसत बसली.

राहीबाई आणि तिचा नवरा कोंडाजी यांची थोडी भातजमीन होती आणि डोंगरउतारावर नाचणीचा एक तुकडा. बेणणीच्या, म्हणजे तण काढण्याच्या, दिवसांत मी सकाळपासून तिच्या मुठीत असे. कोणतेही तण असो, आम्ही ते मुळासकट काढायचो. पण आमचे खरे वैर हरळीशी. वरून ती गरीब दिसते, पण तिच्या पेरापेराला मूळ फुटलेले असते. एक पेर राहिले तरी पुढच्या पावसात सगळे शेत तिचे होते. राहीबाई एरवी कुणाला वाईट शब्द बोलायची नाही, पण हरळी उपटताना ती काय काय बोलायची ते मी तुमच्यासमोर सांगणार नाही. तिच्याइतकी स्वच्छ बेणणी गावात कोणाची नव्हती. लोक तसे म्हणाले की माझीही मान ताठ व्हायची.

अठ्ठावन्न सालच्या पावसाळ्यात कोंडाजीच्या डोक्यात एक कल्पना शिरली. शेतातली बेणणी उरकली की कापणीपर्यंत हात थोडे मोकळे असतात, आणि नेमके तेव्हाच महाडच्या बंगल्यांच्या आवारात गवत माजलेले असते. ते काढून आवार नीट ठेवायचे काम आपण का धरू नये?

कल्पना चांगली होती. पण कोंडाजीला कोणाला नाही म्हणता येत नसे. गवत काढायला गेला की मालक विचारायचा, कुंपण बांधाल का? हा हो म्हणायचा. कौले बसवाल का? हो. विहिरीतला गाळ? तोही. एका दुकानदाराने गाय व्यायला आली आहे, जरा लक्ष ठेवा म्हटले, तर त्यालाही हा हो म्हणून आला. राहीबाईने कपाळाला हात लावला.

"आवो, कशाकशाला हो म्हनाल?"

"नाय म्हटलं तर दुसऱ्यांदा कोन बोलावील गो?" कोंडाजी म्हणाला.

कुंपण अर्धे राहिले. ज्या कौलांवर तो चढला, त्यांतली पाच फुटली. आणि मग विनीताबाईंच्या घरचा तो दिवस आला. तो आठवला की आजही माझ्या पात्याला गंज चढल्यासारखे वाटते.

विनीताबाई शाळेत शिकवत. चवदार तळ्याच्या अलीकडे त्यांचे घर होते. त्यांचे वडील गंगाधरपंत, निवृत्त पोस्टमास्तर, डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुंबईला गेले होते आणि दसऱ्याच्या सुमाराला परतायचे होते. सकाळी दवात अनवाणी चालले की डोळ्यांना बरे, म्हणून त्यांनी दोन वर्षे खपून घरापुढे हिरवळ केली होती. हिरवळ कसली, तर हरळीची. विनीताबाईंनी कोंडाजीला बजावले होते, "बाकी सगळं गवत काढा, फक्त हरळी राहू द्या." पण त्या दिवशी कोंडाजी फुटक्या कौलांच्या पायी दुसरीकडे अडकला होता. त्याने घाईघाईत राहीबाईला एवढेच सांगितले, "बाईंचं आवार साफ कर."

राहीबाईने फाटक उघडले आणि समोर पाहिले तर काय, सगळीकडे हरळी. तिने पदर खोचला. मित्रांनो, मी त्या दिवशी जन्मातले सर्वांत सुंदर काम केले. एक पेर मागे ठेवले नाही. दुपारी कोपऱ्यात हरळीचा ढीग पडला होता आणि पुढे काळीभोर मोकळी माती.

विनीताबाई शाळेतून आल्या आणि फाटकातच थांबल्या. राहीबाई कौतुकाची वाट पाहत उभी होती.

"माझ्या अप्पांची हिरवळ," एवढेच विनीताबाई म्हणाल्या आणि पायरीवर बसून रडू लागल्या.

"बाई, ही हरळी हाय," राहीबाई गोंधळून म्हणाली. "ही तुमी मुद्दाम लावली?"

कोणी हरळी मुद्दाम लावत असेल, हे तिच्या स्वप्नातही आले नव्हते, माझ्याही नाही. मग तिला सगळे कळले आणि तिचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने ती ढिगापाशी गेली आणि एक काडी उचलून निरखू लागली.

"रडू नका, बाई. उपटून टाकली तरी मरत नाय, म्हनून तर आमी हिला शिव्या देतो. मी परत लावते."

संध्याकाळी कोंडाजी येऊन मिळाला आणि जाताना दोघे तळ्याच्या पायरीवर भाकरीचे फडके सोडून बसले. राहीबाईने मला दोघांच्या मधे ठेवले.

"ह्याला येतं तेवढंच आपलं काम," ती म्हणाली. "गवत, वाफे, रोपं. बास."

"आनि कौलं?"

"नाय."

"विहीर? गाय?"

"नाय म्हनते ना."

कोंडाजी भाकरी चिवडू लागला. मग हळूच म्हणाला, "दिवाळीआधी अंगन खनून, भिजवून चोपतात, ते? ते खुरप्याला येत नाय."

"तुमाला येतं. ते ठेवू. आनि काम सांगनाऱ्याचं मी सोता ऐकनार."

नाही म्हणायला मात्र कोंडाजीचे पाय निघेनात. शेवटी राहीबाईच त्या दुकानदाराकडे गेली. "शेट, परक्या गाईची जोखीम आमाला झेपनार नाय," ती म्हणाली. कोंडाजी रस्त्यावर मान खाली घालून उभा होता. दुकानदाराने विचारले, "बरं. मग दिवाळीआधी अंगण तरी करून द्याल ना?" कोंडाजीने हो म्हणायला तोंड उघडले, पण आधी राहीबाईकडे पाहिले.

पुढचे आठ दिवस आम्ही हरळी लावली. मी छोटी छोटी भोके पाडायचे आणि राहीबाई त्यात एकेक पेर खोचायची. ज्या हरळीला जन्मभर उपटले तिच्यासाठी माती भुसभुशीत करताना मला फार अवघडल्यासारखे झाले, हे खरे सांगते.

दसऱ्याच्या आधी गंगाधरपंत काळा चष्मा लावून आले. दुसऱ्या सकाळी विनीताबाईंचा हात धरून ते दवात उतरले. राहीबाई मला घेऊन कोपऱ्यात उभी होती. ते चार पावले चालले, थांबले, आणि पायाच्या अंगठ्याने माती चाचपू लागले.

"विनू, माझी हरळी वाकडीतिकडी होती. ही ओळीत कशी?"

राहीबाईच पुढे झाली. "मी उपटली, आप्पा. मीच लावली. भाताची लावनी करतो तशी लावली. दुसरं काय येत नाय मला."

म्हातारा पुन्हा चार पावले चालला. मग म्हणाला, "मग आता तुम्हीच सांभाळा. मला अजून नीट दिसत नाही आणि हिला वेळ नाही." राहीबाईने माझी मूठ इतकी घट्ट धरली की अजून आठवते.

पुढे चार वर्षे गंगाधरपंत त्या ओळींवरून चालले. मग ते गेले आणि विनीताबाईंची बदली झाली. महाडातली इतर आवारे राहीबाई-कोंडाजी अजून करतात, पण राहीबाईच्या हाती आता नवे, दुकानातले खुरपे आहे. मी घराच्या वळचणीला खोचलेले असते, आणि कधीमधी लसणीच्या वाफ्यापुरती माझी आठवण होते.

मित्रांनो, घरातल्या जुन्या अवजाराला काम झाल्यावर पुसून ठेवा, वर्षातून एकदा तेलाचे बोट लावा. आणि कुणाच्या दारातले काही उपटण्याआधी एकदा विचारा, हे कोणी लावले आहे का?

आमच्या नाते गावातल्या अंगणात एका कोपऱ्यात हातभर हरळी आहे, ओळीत लावलेली. शेजारची ठमाबाई त्यावरून राहीबाईला वेडी म्हणते. राहीबाई रोज सकाळी तिथे दवात अनवाणी उभी राहते. त्या तुकड्याजवळ ती मला कधी नेत नाही.