मागच्या भितीतलं भगदाड

सुईत दोरा ओवायचा म्हटलं तरी मला उठून दारात यावं लागायचं. निंबर्ग्यातलं आमचं घर दगडमातीचं. म्होरं एक दार, बाकी तिन्ही भिती मुक्या. मी गावातल्या बायकांची झंपरं शिवते. रोज सकाळी शिलाई मशीन मागच्या खोलीतनं दारापतोर ओढायची, कुणी "रेणुका, जरा सरक" म्हटलं की सरकवायची, सांजंला परत आत न्यायची. कमरेचा पार भुगा झालाय बघा. बल्ब हाय, पर करंट नेमका दिवसाच जातोय. आन् काळ्या कापडावरचा काळा दोरा बल्बात बी कुठं दिसतोय?

सासरे भगवानराव, त्यांना मी मामा म्हणायचे. मागच्या भितीला एक खिडकी पाडा म्हणून त्यांच्याम्होरं किती येळा तोंड वेंगाडलं. "मागनं खिडकी केली की लक्ष्मी मागनं निघून जाती," एवढंच उत्तर. मला तर ती म्होरनं आलेली बी कधी दिसली न्हाई. नवरा शिवप्रसाद बापाम्होरं मान खाली घालणारा. सासू गीताबाई, आमच्या आत्या, त्यांनी सगळा जन्म त्याच मागच्या खोलीत चाचपडत भाकऱ्या थापल्या, त्या बी गप्पच. मग मी सांगायचं सोडून दिलं. तेच तेच बोलून माणूस थकतंय की.

मामा गेले ते ऐन पंचकात, पाच वाईट नक्षत्रांच्या दिसांत. आमच्या घराण्यात पंचकात गेलेल्याला दारातनं नेत न्हाईत. मागची भित फोडायची, तिथनं न्यायचं, आन् तिसऱ्या दिवशी ते भगदाड बुजवून टाकायचं. न्हाईतर गेलेलं माणूस त्याच वाटेनं घरात परत येतंय म्हणतेत.

तर भित फोडली, मामांना नेलं. बाया रडायल्या होत्या, मी बी रडायले होते. डोळे पुसून बघते तर खोलीत ऊन आलेलं. कोपऱ्यातली जळमटं, उतरंडीवरची धूळ, तव्याला पडलेली चीर, सगळं दिसायलंय. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आन् बरं वाटलं म्हणून स्वतःचीच लाज वाटली. घरातनं मढं उचललंय आन् ही बया उजेड बघायलीय.

सुतकात मशीनला हात लावायचा न्हाई. तरी दुसऱ्या दिवशी मी नुसतीच जाऊन त्या उजेडात बसले. नवरा आला तसं धीर करून म्हटलं, "ओ, ते बुजवू नका. चौकट बसवा. तेवढीच खिडकी होईल."

"येड लागलंय का तुला? अप्पा परत आले म्हंजे?"

भांडायचं त्राण नव्हतं माझ्यात. मी उठून चुलीकडं गेले.

तिसऱ्या दिवशी निंगप्पा गवंडी आला. विटा उतरवल्या, चिखल कालवला. बघतो तर भगदाडाच्या तोंडाशीच आत्या सूप घेऊन डाळ निवडत बसलेल्या.

"आई, सरक की. त्याला काम करायचंय," नवरा म्हणाला.

"न्हाई सरकत."

"कामून? अप्पा परत येतील ना त्यातनं."

"येऊ दे की," आत्या म्हणाल्या. डाळीवरनं नजर काढली न्हाई. "मी हितंच बसलेय. लगीन होऊन आले तवापासनं एक खिडकी मागायची राहिलीय माझी. ते होते तवर भ्याले. आता आले तर तोंडावर मागते."

निंगप्पानं हातातली थापी खाली ठेवली.

"मग चौकट केवढी करायची, अक्का?"

आत्यांनी माझ्याकडं बोट केलं. "तिला इचार. शिवायला तिला बसायचंय."

निंगप्पा माझ्याकडं बघत उभा राहिला. एवढी वर्षं मनात मापं घेतलेली मी, पर माप सांगायच्या येळंला पदर तोंडाला लावला आन् तिथंच खाली बसले. मामांना नेताना रडले न्हाई एवढं रडले.