जोडे पेटीतच होते

तांड्यावरची माणसं डॉक्टरचं ऐकत नाहीत, असं दिग्रसमध्ये कुणीही सहज बोलून जातं. बोलणाऱ्याचं काय जातं! गुलाबसिंगनं डॉक्टरचा शब्द जितका पाळला तितका क्वचितच कुणी पाळला असेल.

त्याची लेक अंजू दहावीत होती आणि खो-खोत तिचा हात धरणारं जिल्ह्यात कुणी नव्हतं. खांबापाशी अशी गर्रकन वळायची, की मागची पोर हवेतच हात मारत राहायची. दिवाळीनंतर राज्याच्या संघाची निवड होती. त्या नादात ती सकाळ-संध्याकाळ टणक मैदानावर पळत राहिली. नडगी दुखायची, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. लंगडू लागली तेव्हा तिला खो-खो शिकवणाऱ्या सुरभी मॅडमनी बापलेकीला यवतमाळला नेलं.

फोटोत हाडाला बारीकशी चीर दिसत होती.

"वेळेवर आलात. आराम दिला तर आपोआप भरून येईल," डॉक्टर म्हणाले. "दसऱ्यापर्यंत खेळ बंद. निवडीला आरामात खेळेल."

"बंद मंजे बंद, साहेब," गुलाबसिंग म्हणाला. "मी हाव ना."

घरी येताच त्यानं अंजूचे खेळायचे जोडे कापडात गुंडाळून लोखंडी पेटीत ठेवले, कुलूप लावलं आणि किल्ली करदोड्याला बांधली. शाळेत तो स्वतः गाडीवर सोडायचा. पाण्याचा हंडा तिची याडी, म्हणजे आई, गंगी उचलायची. तांड्यावरचीच ममता तिच्या संघात होती. ती बोलवायला आली की हा दारात उभा. पोरगी आधी रडली, भांडली, मग गप्प झाली. ते गप्प बसणं त्याला बघवेना.

श्रावणात तीज आली. तांड्याच्या नायकाच्या घरी टोपल्यांत गहू पेरले आणि बिनलग्नाच्या पोरी रोज संध्याकाळी अंगणात फेर धरून नाचू लागल्या. अंजू दारात बसून बघायची.

"जा पोरी, नाच," गुलाबसिंगच म्हणाला.

गंगीनं लेकीच्या पायाकडं पाहिलं. "डॉक्टरले इचारून पाहा ना."

"तिजीचं डॉक्टरले काय इचारतं? त्यानं खेळ बंद केला. तीज कुठं खेळ हाय? देवाचं काम हाय."

यात लबाडी नव्हती. तिजेला तांड्यावर कुणीच खेळ म्हणत नाही. डॉक्टरनं तीज पाहिलेली नव्हती, आणि मॅडम उमरखेडच्या, तांड्यावरच्या नव्हेत; त्यांच्याही ते डोक्यात आलं नाही. आलं असतं तर किती बरं झालं असतं! पोरी अनवाणी नाचतात, टाचा आपटून, दमेपर्यंत. अंजू तर कोंडून ठेवलेली पोर. ती सगळ्यांत पुढं होती.

झोपताना पाय ठणकायचा. बा मिठाची पुरचुंडी तापवून शेकत बसायचा. "हाड भरून येऊन राह्यलं, म्हून ठणकते," म्हणायचा. तिला ते खरं वाटायचं, कारण तिला नाचायचं होतं.

उगवलेले गहू पाण्यात सोडून तीज बोळवायच्या दिवशी पोरी भावांच्या गळ्यात पडून रडतात. तशी रीतच आहे. त्यामुळं शेवटच्या फेरात अंजू खाली बसली आणि हंबरडा फोडून रडू लागली, तेव्हा कुणाला काहीच वाटलं नाही. गाणं चालूच राहिलं. ममतानं खाली वाकून तिचा पाय पाहिला आणि तीच किंचाळली.

यवतमाळचे डॉक्टर या वेळी चिडले. "हाड पार मोडलंय. खेळू नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"नाही खेळली, साहेब. देवाशपथ." गुलाबसिंगनं सदरा वर करून किल्ली दाखवली. "हे पाहा. जोडे पेटीतच हायेत."

"मग केलं काय तिनं?"

"काई नाही, साहेब. नाचली फक्त."

म्हणाला, आणि त्याचं त्यालाच समजलं. त्यानं सदरा खाली ओढून किल्ली झाकली. डॉक्टरांचा राग कुठल्या कुठे गेला. सळई टाकावी लागेल, म्हणाले. चालेल ती नीट. यंदाची निवड मात्र गेली, आणि पुढं पहिल्यासारखी पळेल की नाही, ते सांगता येत नाही.

रात्री ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर अंजूनं बापाचा हात धरला. "बा, रडू नोको. जोडे नवेच हायेत. ममताले दे. तिचा पाय माह्याएवढाच हाय."

गुलाबसिंगनं मान हलवली. किल्ली सोडायला कमरेशी हात नेला, पण गाठ त्यानंच इतकी घट्ट मारली होती, की ती काही केल्या सुटेना.