वर ओढलेली शिडी

कांद्याच्या वाफ्यात सहा बायका ओळीनं बसल्या होत्या. जमीन वाळून दगड झालेली. कांद्याबरोबर ढेकूळ उपटून यायचं. हात कामात होते, पण कान सगळ्यांचे म्हातारीच्या तोंडाकडे लागले होते.

"हिच्या रक्तात घाण निघालीये," म्हातारी सुनेकडे न बघता सगळ्यांना ऐकवत होती. "नर्सबाईनं निरोप धाडलाय, नवऱ्याला घेऊन ये म्हणून. माझा पोरगा कशाला जाईल? घाण हिची, हीच निस्तरेल."

सून पाच महिन्यांची पोटुशी होती. तिनं हातातलं ढेकूळ चुरगाळलं आणि पुढचा कांदा धरला. गेल्या साली सातव्या महिन्यात तिला मेलेलं मूल झालं, तेव्हा याच म्हातारीनं तिची कूस नासकी ठरवली होती. कालपासून तर तिचा पाण्याचा पेलाही वेगळा मांडला होता.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच दवाखान्यात गेली. नर्सबाई तिखट जिभेची, पण हात हलका.

"याला उपदंश म्हणतात. तुमच्याकडं गरमी म्हणतात ती हीच. नवऱ्याला कधी फोड आला होता? नको तिथं?"

"दीड वर्षापूर्वी. कामावरून आला तेव्हा. दगडाची कपची लागली म्हणाला."

"दुखत होता?"

"नाही. बाजारातल्या पुडीवाल्याकडची औषधाची पुडी खाल्ली, तीन आठवड्यांत सुकला. मग तळहातांवर, तळपायांवर तांबूस डाग उठले. तेही गेले."

"पुडी खाल्ली नसती तरी गेले असते," नर्सबाई म्हणाली. "इथंच माणूस फसतो. फोड जातो, रोग जात नाही. रक्तात दडी मारतो. पुढं दहा-वीस वर्षांनी डोळे धरील, डोकं धरील, काळीज धरील. तोवर बायकोला लागतो, पोटातल्या जिवाला लागतो."



"माझं गेलं ते…"

"तेव्हा रक्त तपासलं नव्हतं, छातीठोक नाही सांगणार. पण बहुतेक यानंच."

"आणि हे?"

"वेळेत आलीस. आज एक इंजेक्शन, मग आठ-आठ दिवसांनी आणखी दोन. बाळालाही ते पोचतं. पण नवऱ्यानं नाही घेतलं, तर तो तुला पुन्हा देईल. हाल्याला रोग आणि पखालीला इंजेक्शन, असं करून भागायचं नाही. आणि सासूला सांग, हा रोग पेल्यानं लागत नाही."

कमरेतलं इंजेक्शन ठणकत होतं. तशीच ती दोन कोस चालत घरी आली.

नवरा विहिरी खोदायचा. वर्षातले आठ महिने गावोगाव. सध्या गावाच्या शिवेवरच एका विहिरीचं काम लागलं होतं. जेवताना तिनं विषय काढला, तशी त्यानं थाळी सरकवली.

"मला काय धाड भरलीये? दिवसभर पहार मारतो. चार लोकांत अब्रू काढू नकोस माझी."

"माझी काढली, तेव्हा कुठं होतास?"

"आई बोलते ते खोटं आहे का? रक्त तुझं खराब निघालं."

म्हातारी चुलीपाशी बसून मान डोलवत होती. सुनेनं थाळी उचलून घासायला नेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती विहिरीवर गेली. त्याच्याबरोबर खोदणारा जोडीदार झाडाखाली भाकरी सोडून बसला होता. नवरा तीन पुरुष उंचीइतका खोल, तळाशी पहार मारत होता. काठाला दोराची शिडी बांधलेली. तिनं ती हात-हात वर ओढून घेतली आणि काठावर बसली.

"ए, शिडी सोड," खालून आवाज आला.

"फोड कुठनं आणलास ते सांग."

"डोकं फिरलं का तुझं? वर आलो ना, तर…"

"वर येशील तेव्हा. मला घाई नाही."

त्यानं शिव्या दिल्या. जोडीदाराला हाका मारल्या. जोडीदार उठला, तिचा चेहरा बघितला आणि परत बसला. मागून म्हातारी लेकाचं जेवण घेऊन आली, ते सुनेनं पाहिलं; पण ती हलली नाही.

"गेल्या साली पोर मेलं माझं," ती विहिरीत वाकून म्हणाली. "पुरलंस तू. त्याच्या नावानं तरी खरं बोल."

पहार थांबली.  विहिरीतला आवाज दबका असला, तरी घुमून वर आला.

"धरणाच्या कामावर होतो तेव्हा… गेलो होतो एका बाईकडं. फोड त्याच्यानंतर आला. लाज वाटली, म्हणून कपचीचं सांगितलं."

म्हातारी जागच्या जागी उभी राहिली. मग पुढं आली.

"सोड शिडी."

"आधी इंजेक्शन घेतो म्हणू दे."

म्हातारी काठावर वाकली. "म्हण रे, मेल्या."

"घेतो."

सुनेनं शिडी सोडली. म्हातारी जेवणाचं गाठोडं काखोटीला मारून आल्या वाटेनं परत गेली. त्या दिवशी तो उपाशीच राबला.

तिची उरलेली दोन आणि त्याची तीन इंजेक्शनं होईस्तोवर दर आठवड्याला सून पुढं आणि नवरा मागं, असे दोघं दवाखान्यात गेले.  दिवस भरले आणि मुलगी झाली, हातपाय झाडत, घर डोक्यावर घेत रडणारी. नर्सबाईनं तिचं रक्त तपासलं, चांगलं म्हणाली, पण पुढच्या तपासण्या चुकवू नका म्हणून बजावलं. म्हातारीनं माफी मागितली नाही. सुनेनंही नवऱ्याला आत घेतलं नाही. त्याचं अंथरूण ओसरीवरच राहिलं.

एका सकाळी जोडीदार दारात आला. बराच वेळ पायानं माती उकरत राहिला.

"वहिनी, त्या धरणावर मीही होतो. माझाही फोड आपोआप गेला होता. म्हणजे… रोग गेला नाही म्हणायचा?"

"बायकोला माहीत आहे?"

"नाही."

"मग मला काय सांगतोस? घरी जा, तिला सांग आणि आज दोघं दवाखान्याची वाट धरा. दुपारपर्यंत नाही गेलात, तर ही पोरगी कडेवर घेऊन तुझ्या दारात येईन आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलेन."

तो तिच्या नवऱ्याकडे बघायला लागला. नवरा ओसरीवर अंथरुणाची वळकटी करत होता. मान वर न करता तो म्हणाला,

"जा बाबा. ही येते."